जान्हवी टपावरून उतरली

रविवारी सकाळी जान्हवीनं अंथरुणात कूस बदलली आणि अख्खं घर गरगर फिरलं. पंखा, कपाट, खिडकी, सगळं एका दिशेनं धावत सुटलं. तिनं पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ओरडली, "बाबा, भूकंप!"

बाळाभाऊ घाडी चहाचा कप घेऊन दारातच उभे होते. कपातला चहा जागचा हलत नव्हता.

"खंय भूकंप? स्वप्न पडलं काय गो?"

तेवढ्यात फिरणं थांबलं. जान्हवी घामानं भिजली होती. उठून बसली, आणि मोरीपर्यंत जाऊन ओकली. तिची आई वनमाला धावली, पाठ चोळली, कोकमाचं सरबत करून दिलं. "पित्त झालं. रात्री वडापाव खाऊन आलीस ना?" घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्यांच्या इमारतीखालच्या डॉक्टरांनी मात्र मानेवर बोट ठेवलं. म्हणाले, "मणक्याचा त्रास आहे, उशी बारीक घ्या." त्यांनी चक्करच्या गोळ्या दिल्या. आठवड्याभरात जान्हवी ठणठणीत झाली आणि घरात तो विषय संपला.

जान्हवी लिफ्टची मेकॅनिक होती. मुलुंडच्या आयटीआयमधून शिकली आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लिफ्ट कंपनीत लागली. कंपनीत मुली होत्या, पण त्या फोनवर, हिशेबात, एसीच्या गारव्यात. हातात पाना घेऊन लिफ्टच्या विहिरीत उतरणारी ही पहिलीच. डब्याच्या टपावर उभं राहून, पट्टा बांधून, टॉर्चच्या उजेडात दोर तपासायचे, रुळांना तेल द्यायचं, दरवाज्याचे रोलर बदलायचे. आज अंधेरी, उद्या मालाड, परवा चेंबूर.

बाळाभाऊंच्या दृष्टीनं यापेक्षा मोठं काम दुनियेत नव्हतं. आयुष्यभर ते फोर्टातल्या एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन होते. स्टुलावर बसायचं, जाळीचा दरवाजा ओढायचा, मजला विचारायचा. लिफ्ट अडकली की साहेब लोक त्यांच्यावरच खेकसायचे, आणि मग पिशवी खांद्याला लावून मेकॅनिक यायचा. तो आला की तेच साहेब अदबीनं बाजूला व्हायचे, त्याला चहा मागवायचे. बाळाभाऊ त्याच्याकडे टक लावून बघायचे. आता त्यांची स्वतःची मुलगी ती पिशवी खांद्याला लावून निघायची. मग बोलल्याशिवाय कसं राहवणार? वाण्याला सांगून झालं, गणपती मंडळात सांगून झालं, देवगडला गावी फोन करून झालं. त्यांचा मित्र धोंडू सावंत तर ऐकून ऐकून वैतागला होता. "बाळा, पुरे रे. तुझा चेडू लिफ्ट चढवता ता आता लिफ्टीकसुद्धा म्हायत झाला."

दोन-तीन महिन्यांनी चक्कर परत आली. या वेळी केस धुताना, मान मागे टाकल्यावर. परत गोळ्या, परत आठवडाभर जपून जपून चालणं, परत बरं. वनमालाच्या मनात पाल चुकचुकली, पण जान्हवी म्हणाली, "आई, काही नाही गं. झोप कमी पडते."

तिसरी वेळ कामावर आली.

मुलुंडला एका इमारतीत ती आणि चंद्रप्रकाशदादा टपावर होते. चंद्रप्रकाश कंपनीतला सगळ्यात जुना माणूस, जान्हवीला त्यानंच हाताला धरून शिकवलेलं. दादा रूळ भिंतीला धरून ठेवणाऱ्या कंसावरचे बोल्ट आवळत होते आणि डबा हळूहळू सरकवायचं बटण जान्हवीच्या हातात होतं. दोर नीट बसलाय का पाहायला तिनं मान वर केली. वरचा काळोख भोवऱ्यासारखा फिरायला लागला. पायाखालचा डबा कलंडतोय असं वाटलं. तिनं चाचपडत लाल खटका दाबून सगळं बंद केलं आणि मटकन खाली बसली.

"काय झालं गं?" दादांनी विचारलं.

"दादा, हलू नका. कंसापासून हात लांब ठेवा. मला एक मिनिट द्या."

मिनिटभरात थांबलंसुद्धा. दादांनी तिला दंडाला धरून दाराबाहेर काढलं, जिन्यावर बसवलं, पाणी दिलं. विचारलं काही नाही.

संध्याकाळी घरी येऊन तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. वनमालाचे हात भाकरीच्या पिठातच थांबले. बाळाभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं, पण बोलायला तेच आधी लागले.

"चंद्रप्रकाश कुणाला सांगेल?"

"नाही सांगणार. मी सांगणार आहे. उद्या मार्कस सरांना."

"वेडी की काय तू?" बाळाभाऊ उठूनच उभे राहिले. "मुलुंडच्या नव्या टॉवरचं काम तुला मिळालंय. पहिल्यांदा तुझ्या नावावर काम आहे. सरकारी इन्स्पेक्टर येणार, तू त्याला दाखवणार. मी सगळ्यांना सांगून बसलोय. महिनाभर कळ काढ. ते झालं की दाखवू डॉक्टरला."

"आणि तोवर?"

"तोवर मान वर करू नको जास्त."

"बाबा, लिफ्टच्या टपावर मान वर न करता काय करू? भाजी निवडू?"

"अगं, त्यांना निमित्तच पायजे! बाईमाणूस, चक्कर येते. झालं. तुला खाली बसवतील ती कायमची. तुझ्या मागून दुसरी मुलगी घेणार नाहीत कुणी."

हे त्यांचं बोलणं खोटं नव्हतं आणि जान्हवीला ते माहीत होतं. ती बराच वेळ ताटातल्या माशाचे काटे बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "माझ्या हातात बटण असतं तेव्हा दादांचा हात कंसावर असतो. आज मी लाल खटका दाबला. उद्या फिरता फिरता चुकून दुसरं बटण दाबलं, तर दादांचा हात जाईल. मग काय सांगू त्यांच्या घरी? टॉवर होता म्हणून?"

बाळाभाऊ गॅलरीत जाऊन उभे राहिले. राग आला होता, आणि तो नेमका कुणाचा हेही कळत नव्हतं.

सकाळी वनमालानं फर्मान काढलं की पोरीनं एकटीनं जायचं नाही. म्हणून बाळाभाऊ घाटकोपरहून मेट्रोनं तिच्यासोबत मरोळनाक्यापर्यंत गेले आणि तिथून चालत कंपनीत. मार्कस सरांची केबिन म्हणजे अर्ध्या उंचीची प्लायवूडची भिंत. बाहेरच्या बाकड्यावर बसलं की आतलं सगळं ऐकू यायचं. मार्कस मरोळ गावठाणातलेच ईस्ट इंडियन ख्रिस्ती, फील्डवरच्या सगळ्या माणसांचे वरिष्ठ. मराठी एकदम फटकळ.

"बोल जान्हवी. टॉवरचं ड्रॉइंग बघितलंस?"

"सर, मला टपावरून काढा."

बाहेर बाळाभाऊंनी डोळे मिटून घेतले.

तिनं चक्करचं सगळं सांगितलं. कधी सुरू झालं, कितीदा आलं, कालचं मुलुंडचं. काही लपवलं नाही, काही रडून सांगितलं नाही. "डॉक्टर लिहून देत नाहीत तोवर मी शाफ्टमध्ये जाणार नाही. ऑफिसात जे काम द्याल ते करीन. पण सर, मी काम सोडत नाहीये. बरी झाले की मला परत टपावरच पाहिजे."

तिथेच बसलेल्या दुसऱ्या एका साहेबाचा आवाज आला. "मी म्हणत होतो ना मार्कस, लेडीजला फील्डवर…"

"थांब रे जरा." मार्कसनी त्याला तोडलं. "जान्हवी, मी इतकी वर्षं माणसं सांभाळतोय. कुणाचा गुडघा गेला, कुणाला दिसत नाही, कुणाची शुगर वाढली. सगळं मला दुसऱ्याकडून कळतं, नाहीतर माणूस पडल्यावर कळतं. स्वतः येऊन सांगणारी तू पहिली. टॉवर दुसऱ्याला द्यायला लागेल, तारीख ठरलीय. तुझी जागा मी कुणाला देत नाही. जा, चांगला डॉक्टर बघ. कानाचा बघ, मानेचा नको. माझ्या आईला असंच झालेलं."

जान्हवी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. बाळाभाऊ तिच्याकडे बघत राहिले. पोरगी घरी काकडीच्या कोशिंबिरीवरून आईशी भांडते, तीच ही? त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. "चल, चहा घेऊ," एवढंच जमलं.

कानाच्या डॉक्टर घाटकोपरलाच सापडल्या. डॉ. शर्मिष्ठा देवस्थळी, वयानं जान्हवीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जान्हवीला टेबलावर बसवलं, तिची मान उजवीकडे वळवली आणि म्हणाल्या, "आता मी तुला झटकन मागे झोपवणार. फिरेल. डोळे मिटायचे नाहीत. बाबा, तुम्ही इकडे येऊन तिचे डोळे बघा."

जान्हवी आडवी झाली. क्षणभर काही नाही. मग बाळाभाऊंनी पाहिलं, तिची बुबुळं आपोआप झटके द्यायला लागली, कुणी आतून फिरवावीत तशी. तिनं टेबलाच्या कडा पकडल्या होत्या, दात आवळले होते, पण डोळे उघडे ठेवले. हळूहळू झटके मंदावले आणि थांबले.

"सापडलं," डॉक्टर म्हणाल्या. "मान नाही, पित्त नाही, मनाचं तर अजिबात नाही. कानाच्या आत खोल चुन्याचे बारीक कण असतात. तोल कळायला ते लागतात. त्यातले काही जागेवरून सुटून शेजारच्या नळीत शिरलेत. मान हलली की ते घरंगळतात, नळीतलं पाणी ढवळतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. आता त्यांना परत जागेवर नेऊया."

आणि त्यांनी जान्हवीचं डोकं सावकाश दुसऱ्या बाजूला वळवलं, थांबल्या, मग तिला पूर्ण कुशीवर घेतलं, नाक जमिनीकडे, परत थांबल्या, आणि शेवटी उठवून बसवलं. ना सुई, ना मशीन. बाळाभाऊ आ वासून बघत होते.

"झालं?"

"झालं. दोन दिवस जरा हलल्यासारखं वाटेल. पण ही चक्कर सारखी का येतेय ते बघायला हवं. इतक्या कमी वयात तिसऱ्यांदा म्हणजे…" त्यांनी चिठ्ठी लिहिली. "रक्त तपासा. व्हिटॅमिन डी."

रिपोर्ट आला. असायला हवं त्याच्या पाव हिस्सासुद्धा नव्हतं. बाळाभाऊ भडकले. "मॅडम, मुंबईत काय उन्हाची टंचाई आहे? घामानं माणूस विरघळतो इथे."

डॉक्टर हसल्या. "जान्हवी, तू दिवसभर कुठे असतेस?"

"विहिरीत. म्हणजे लिफ्टच्या."

"अंगात काय घालतेस?"

"पूर्ण बाह्यांचा युनिफॉर्म. हातमोजे. हेल्मेट."

"घरून कधी निघतेस, कधी येतेस?"

"सकाळी लवकर. येताना अंधार पडायला आलेला असतो."

"मग ऊन कधी लागणार?" त्या बाळाभाऊंकडे वळल्या. "ते कण कॅल्शियमचे असतात. डी खूप कमी असलं की ही चक्कर परत परत येते, असं बऱ्याच जणांत दिसतं. कमी असलेलं भरून काढलं की परत यायचं प्रमाण घटतं. कायमची जाईल अशी हमी मी देत नाही. आली तर परत यायचं, परत कण जागेवर न्यायचे. आणि तुम्ही काय काम करत होता?"

"लिफ्टमन," बाळाभाऊ म्हणाले, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "डब्यातच गेलं माझंपण."

"मग तुमचंही तपासा."

आठवड्याला डीची एक पुडी दुधातून सुरू झाली. जान्हवी ऑफिसात बसायला लागली. कुठे लिफ्ट अडकली की फोन घ्यायचा, आतल्या माणसांना धीर द्यायचा, जवळच्या मेकॅनिकला पाठवायचं. दुपारी डबा घेऊन ती कंपनीच्या गच्चीवर जायची आणि बाह्या दुमडून उन्हात जेवायची. पहिल्या दिवशी एकटी होती. टॉवरचं काम सुरू झालं त्या दिवशी ती घरी आली, भांडी घासायला घेतली आणि एकेक भांडं उगाच दोनदा घासलं. वनमालानं तिच्या हातातून घासणी काढून घेतली आणि तिला जवळ ओढलं. बाळाभाऊंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

भटवाडीत त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर "सुट्टीवर आहे" म्हणायचे. पण गोष्टी काय लपतात? एका संध्याकाळी मंडळाच्या ऑफिसात पत्र्याच्या खुर्च्यांवर पाच-सहा जण बसलेले असताना खालच्या मजल्यावरच्या विमलाकाकू वर्गणी द्यायला आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाळाभाऊ, जान्हवीला कामावरून उतरवलं म्हणे? चक्कर येते तिला? मी तर आधीच सांगितलेलं, लग्न करून टाका. बायकांचं काम नाही ते."

धोंडूनं मान खाली घातली. त्याला मित्राची लाज राखायची होती. म्हणाला, "जाऊ दे गे विमला, नसता एकेकाच्या नशिबात."

बाळाभाऊंच्या डोक्यात "सुट्टीवर आहे" हे वाक्य तयार होतं. ते ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. त्यांना ती प्लायवूडची भिंत आठवली. ते खुर्चीवरून उठले.

"उतरवलं नाही, विमलाकाकू. उतरली. स्वतः गेली साहेबाकडे आणि म्हणाली, मला काढा. नवा टॉवर होता तिच्या नावावर, तो सोडून दिला. का, तर तिला चक्कर आली तर शेजारच्या माणसाचा हात जाईल. मी बाप, मी सांगत होतो लपव. हो, मीच. मला टॉवर दिसत होता. तिला माणूस दिसला." त्यांचा आवाज चढला होता. "साहेब म्हणाला, इतक्या वर्षांत असं येऊन सांगणारी पहिली. पुरुषांत धरून पहिली! आणि चक्कर बाईमाणसाची नाही, कानाची आहे. औषध चालू आहे. बरी होईल आणि परत जाईल. आता लग्नाचं म्हणाल तर ते तिला विचारा, मला नाही."

विमलाकाकूंनी पावती घेतली, घुटमळल्या, आणि जाता जाता हळू आवाजात विचारलं, "कानाची असते का चक्कर? आमच्या ह्यांना झोपताना तसंच होतं. डॉक्टरचं नाव द्या ना जरा."

धोंडू त्यांच्यासोबतच परतला. जिन्याशी आल्यावर म्हणाला, "बाळा, आतापर्यंत तुझा ऐकान कंटाळलय. पण आज बरा सांगितलंस."

दीडेक महिन्यांनी चक्कर एकदा परत आली. जान्हवी सकाळी उठताना परत गादीवर पडली. या वेळी ती घाबरली नाही. म्हणाली, "बाबा, उजवाच कान," आणि दुपारी डॉक्टरांकडे जाऊन कण जागेवर बसवून आली. ऑफिसात फोन करून तेही मार्कस सरांना सांगितलं. फिट ठरायची तारीख त्यामुळे आणखी पुढे गेली. बाळाभाऊंनी कॅलेंडरकडे बघून सुस्कारा टाकला, पण "लपव" म्हणाले नाहीत.

मरोळमध्ये मात्र काहीतरी सुरू झालं होतं. मार्कसनी सगळ्या फील्डच्या माणसांना बोलावून विचारलं, कुणाला असं काही होतंय का. सगळे पायांकडे बघत राहिले. मग चंद्रप्रकाशदादांनी घसा साफ केला. जान्हवीनं घरी येऊन ते सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "दादा म्हणाले, मला गेल्या वर्षापासून डाव्या कुशीवर फिरतं. पोरगी बोलली, मग मी कशाला लपवू? आई, माझ्यासोबत टपावर असायचे ते. एवढे दिवस." कंपनीनं शाफ्टमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. बहुतेकांचं डी तळाला होतं, आणि मार्कस सरांचं जान्हवीपेक्षाही कमी निघालं. आता दुपारी गच्चीवर बसायला जागा पुरत नव्हती.

थंडी पडली, म्हणजे मुंबईत पडते तेवढी, तेव्हा डॉ. देवस्थळींनी जान्हवीला पुन्हा टेबलावर झोपवलं. उजवीकडे, मग डावीकडे. डोळे शांत होते. रक्तातलं डीसुद्धा पुरेसं झालं होतं. त्यांनी लिहून दिलं: उंचीवरचं काम करायला हरकत नाही. सोबत ताकीदही दिली, "परत वाटलं तर त्याच दिवशी खाली उतरायचं. तुला सांगायची गरज नाही म्हणा."

परत जाण्याचा दिवस सोमवार होता. काम मोठं नव्हतं. चेंबूरच्या एका सोसायटीतली जुनी लिफ्ट, दरवाजा अर्धवट उघडत होता, एवढंच. सकाळी वनमालानं घावणे केले. जान्हवीनं बूट बांधले, पिशवी खांद्याला लावली आणि "येते गं" म्हणून निघाली. बाळाभाऊ गॅलरीतून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले आणि मग आत येऊन पेपर उलटा धरून बसले.

बाराच्या सुमारास फोन वाजला. दोघंही एकदम उठले. बाळाभाऊंनी स्पीकर लावला.

"बाबा, झालं काम, कंपनीत परत आले. वर बघितलं. दोनदा बघितलं, मुद्दाम. काहीच फिरलं नाही." मागून मार्कसचा आवाज आला, "अगं, टॉवरचं सांग ना!" जान्हवी हसली. "हां, त्या मुलुंडच्या टॉवरची देखभाल पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे. चंद्रप्रकाशदादाही आता बरे झालेत, ते माझ्या हाताखाली येणार म्हणतात, स्वतःहून. मी म्हटलं, दादा, लाज वाटते मला. तर म्हणाले, तुझ्या हातात बटण असलं की मला बरं वाटतं."

वनमालानं बाळाभाऊंकडे पाहिलं आणि फोन आपल्याकडे घेतला.

"जेवलीस काय गो?"

"गच्चीवर बसलेय. आत्ताच डबा उघडला."

"बाह्या वर केल्यास?"

"हो गं आई!"

फोन बंद झाला. बाळाभाऊंनी सदरा चढवला, केसांवरून कंगवा फिरवला आणि चपला शोधायला लागले.

"खंय चाललात? जेवण वाढतंय," वनमाला म्हणाली.

"आलोच. जरा खाली जाऊन येतो." दाराशी ते वळले. डोळे ओले होते आणि चेहरा फुलला होता. "दादा काय म्हणाले ते परत एकदा सांग बघू. शब्दाला शब्द. मला नीट सांगता आलं पायजे."

वनमालानं पदरानं हात पुसले आणि सांगितलं. शब्दाला शब्द.